वऱ्हाड आणि भारतीय संविधानाची निर्मिती

वऱ्हाड आणि भारतीय संविधानाची निर्मिती : महाराष्ट्राच्या ईशान्य भागातील बुलढाणा, अकोला, अमरावती व यवतमाळ हे जुने चार जिल्हे मिळून होणाऱ्या प्रदेशास वऱ्हाड (बेरार) म्हणतात. अकोला जिल्ह्यातून १९९८ मध्ये वेगळा झालेला वाशिम जिल्हाही याच प्रदेशात मोडतो. १८५३ ते १९५० या जवळजवळ शंभर वर्षांच्या काळात या प्रदेशावर कायद्याने सार्वभौमत्व हैदराबादच्या निजामाचे, प्रशासन ब्रिटिशांचे आणि विसाव्या शतकात कारभाराचे मुख्य ठाणे नागपूर, अशी विलक्षण स्थिती होती. भारताच्या संविधान सभेने १९४६ ते १९४९ या काळात नव्या राष्ट्राचे संविधान तयार केले, तेव्हा ही स्थिती संपुष्टात आली. राज्यकर्त्यांमधील करारमदारांवर उभे असलेले सार्वभौमत्व लोकांच्या नावाने कसे प्रस्थापित झाले, हे समजण्यास वऱ्हाडाचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

प्रदेश व पूर्वेतिहास : सातपुडा व अजिंठ्याचे डोंगर यांच्या दरम्यानचे पूर्णा नदीचे सपाट, काळ्या जमिनीचे खोरे म्हणजे पयानघाट आणि त्याच्या दक्षिणेकडील उंचवट्याचा भाग म्हणजे बालाघाट, असे वऱ्हाडचे दोन नैसर्गिक विभाग पडतात. बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे पयानघाटातील गाव भुसावळ–नागपूर लोहमार्गावर मलकापूर व शेगाव यांच्या दरम्यान वसले आहे. पूर्वी ते मलकापूर तालुक्यात होते. आता ते स्वतंत्र तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या या लोहमार्गाने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजारपेठेशी जोडला आणि या प्रदेशाचे महत्त्व फार वाढले. वऱ्हाडच्या मालकीचा प्रश्न पुढे इतका चिघळला, त्यामागे या सुपीक कापूसपट्ट्याचा महसूल हे एक मोठे कारण होते.

दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात आडगाव (२९ नोव्हेंबर १८०३) व गाविलगड (१५ डिसेंबर १८०३) येथे नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला. त्यानंतरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला व तो निजामाकडे गेला. निजामाच्या खर्चाने परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ठेवलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च पुढे थकत गेला. त्याच्या फेडीसाठी २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे जिल्हे कंपनीच्या व्यवस्थेखाली दिले. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले, सुमारे ५० लाख रुपयांचे कर्ज माफ झाले आणि वऱ्हाड मात्र विश्वस्त म्हणून इंग्रजांकडे राहिले. तहाच्या शब्दांनुसार प्रदेश निजामाचाच होता. जमाबंदी, न्यायदान व पोलीस हे सर्व हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटाच्या हाती होते.

वऱ्हाड परत मिळावे म्हणून निजामाचे दिवाण पहिले सर सालारजंग यांनी दीर्घकाळ खटपट केली. ती निष्फळ ठरली. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी गव्हर्नर-जनरल लॉर्ड कर्झन व निजाम मीर महबूब अली खान यांच्यातील करारानुसार वऱ्हाड सालीना २५ लाख रुपये खंडाने कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आले. १ ऑक्टोबर १९०३ पासून ते मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरच्या अधिकाराखाली आणण्यात आले. अशा रीतीने वऱ्हाडचा कारभार हैदराबादहून नागपूरकडे गेला. या दोन्ही व्यवहारांत तेथील रयतेचे मत कोणी विचारले नाही.

कायदेशीर पेच : हा प्रदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग मानला जात नसे. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळाने केलेले कायदे येथे आपोआप लागू होत नसत. परक्या मुलखातील अधिकारक्षेत्राच्या तत्त्वानुसार गव्हर्नर-जनरल स्वतंत्र अधिसूचना काढून ते लागू करी. नांदुऱ्याचा शेतकरी इंग्रजी अंमलदाराकडे सारा भरत असला, इंग्रजी न्यायालयात दावा लावत असला, तरी कायद्याच्या भाषेत तो निजामाचा प्रजाजन होता. १९१९ च्या सुधारणांनंतर मध्य प्रांताच्या कायदेमंडळात वऱ्हाडच्या मतदारसंघांना प्रतिनिधित्व मिळाले, तेव्हा या पेचाचे प्रत्यंतर आले. वऱ्हाडचे मतदार आपले प्रतिनिधी निवडत. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरचा प्रदेश म्हणून निवडून आलेल्या व्यक्तींची कायदेमंडळावर औपचारिक नियुक्ती करावी लागे. लोकांनी दिलेले मत त्या नियुक्तीनंतरच कायद्याने ग्राह्य ठरे.

१९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान याने वऱ्हाड परत मागितले आणि अंतर्गत बाबींत आपण ब्रिटिश सरकारच्या बरोबरीचे आहोत, असा दावा केला. त्यावर २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ असून कोणाही संस्थानिकास तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करता येणार नाहीत, असे बजावले. संस्थानांवरील अधिसत्तेच्या सिद्धांताचे हे पत्र पुढे प्रमाणभूत मानले गेले. एवढे झाल्यावरही निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व कायम राहिले. २४ ऑक्टोबर १९३६ च्या कराराने त्याला ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ असा किताब मिळाला व त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणण्यात येऊ लागले.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या ४७ व्या कलमाने या व्यवस्थेस संसदीय मान्यता दिली. वऱ्हाड निजामाच्या सार्वभौमत्वाखाली असल्याचे त्यात नमूद करून, ते मध्य प्रांतासह ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाचा एकच गव्हर्नरचा प्रांत म्हणून चालविले जाईल, असे ठरविण्यात आले. १ एप्रिल १९३७ रोजी प्रांतिक स्वायत्तता अमलात आली आणि नागपूरच्या ११२ सदस्यांच्या विधानसभेत वऱ्हाडचे प्रतिनिधी इतरांच्या बरोबरीने बसू लागले. याच विधानसभेच्या मार्गाने वऱ्हाडच्या लोकांना पुढे संविधान सभेत प्रवेश मिळाला.

संविधान सभा : ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या त्रिमंत्री शिष्टमंडळाने १६ मे १९४६ रोजी जाहीर केलेल्या योजनेनुसार साधारणपणे दहा लाख लोकसंख्येस एक या प्रमाणात प्रांतिक विधानसभांनी संविधान सभेचे सभासद निवडावयाचे होते. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या वाट्यास १७ जागा आल्या. त्यांपैकी १६ सर्वसाधारण व १ मुस्लिम होती. सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत भरली. १३ डिसेंबर रोजी जवाहरलाल नेहरूंनी मांडलेला उद्दिष्टांचा ठराव २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. स्वतंत्र भारताची व त्याच्या घटकांची सर्व सत्ता व अधिकार लोकांपासून प्राप्त झालेले असतील, हे तत्त्व त्यात निःसंदिग्धपणे मांडले होते. या तत्त्वाशी वऱ्हाडची तत्कालीन कायदेशीर स्थिती उघडउघड विसंगत होती.

मध्य प्रांत व वऱ्हाडतर्फे वेगवेगळ्या वेळी सभासद असलेल्यांमध्ये वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) व अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, तसेच दादा धर्माधिकारी, रविशंकर शुक्ल, सेठ गोविंददास, हरि विष्णु कामत, डॉ. हरिसिंग गौर, डॉ. रघुवीर, राजकुमारी अमृत कौर, लक्ष्मण श्रावण भटकर, हेमचंद्र खांडेकर, रुस्तुम सिधवा, फ्रँक अँथनी व काझी सय्यद करीमुद्दीन यांचा समावेश होता. हैदराबाद संस्थानातून मात्र संविधान सभेवर एकही प्रतिनिधी गेला नाही. परिणामी ज्यांचा सार्वभौम राजा सभेबाहेर होता, त्या वऱ्हाडच्या प्रजेचे प्रतिनिधी सभेत बसून राष्ट्राच्या सार्वभौमत्वाची व्याख्या करीत होते.

अमेरिकेतील पूर्वोदाहरण : संविधान सभेचे सांविधानिक सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी अन्य देशांच्या संविधानांतील तरतुदींचे संकलन सभासदांना उपलब्ध करून दिले होते. त्यांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अनुभव सर्वांत जुना व महत्त्वाचा होता. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तेथील तेरा वसाहती सार्वभौम राज्ये म्हणून एका सैलसर राज्यमंडळात एकत्र आल्या. १७८१ मध्ये अमलात आलेल्या त्या व्यवस्थेत मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. युद्धाचे कर्ज फिटेना, राज्याराज्यांत व्यापारी तंटे वाढले आणि १७८६–८७ मध्ये मॅसॅचूसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी उठाव केला. या परिस्थितीत २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात फिलाडेल्फिया येथे परिषद भरली. बारा राज्यांचे ५५ प्रतिनिधी तिला उपस्थित राहिले. ऱ्होड आयलंडने कोणास पाठविले नाही. जुन्या करारात दुरुस्ती सुचविणे एवढेच काम परिषदेकडे सोपविलेले होते. जॉर्ज वॉशिंग्टनच्या अध्यक्षतेखाली तिने तो करार बाजूस ठेवून संपूर्ण नवे संविधान तयार केले. लहान व मोठ्या राज्यांतील वाद एका सभागृहात लोकसंख्येनुसार व दुसऱ्यात समान प्रतिनिधित्व देऊन मिटविण्यात आला. ३९ प्रतिनिधींनी त्यावर सह्या केल्या. नऊ राज्यांच्या मान्यतेची अट २१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशरच्या संमतीने पूर्ण झाली व १७८९ मध्ये नवे शासन सुरू झाले. मूलभूत हक्कांची सनद १७९१ मध्ये दुरुस्त्यांच्या रूपाने जोडण्यात आली.

फिलाडेल्फिया व दिल्ली येथील कार्यात साम्य आहे, तसे महत्त्वाचे भेदही आहेत. दोन्ही ठिकाणी परिषदेने आपल्या जन्मदात्या आदेशाच्या मर्यादा ओलांडल्या. अमेरिकेतील चर्चा गुप्त होत्या आणि जेम्स मॅडिसनची टिपणे १८४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झाली. भारतीय संविधान सभेच्या चर्चा उघड्या होत्या व त्यांचे अहवाल छापले जात. अमेरिकेच्या संविधानाने गुलामगिरीशी तडजोड केली आणि प्रतिनिधित्वासाठी गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली. भारतीय संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली (अनुच्छेद १७) आणि प्रौढ मताधिकार दिला (अनुच्छेद ३२६). उलटपक्षी, अमेरिकेचे संविधान राज्यांतील खास निवडलेल्या परिषदांपुढे मान्यतेसाठी गेले, तर भारताचे संविधान मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या विधानसभांनी अप्रत्यक्षपणे निवडलेल्या सभेनेच अंगीकृत केले. ते जनमतासाठी मांडले गेले नाही. ही त्या काळीही टीकेची बाब होती. १९५१–५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक प्रौढ मताधिकारावर झाली आणि संविधानाने निर्मिलेल्या व्यवस्थेस लोकांच्या प्रत्यक्ष सहभागाची जोड तेव्हा मिळाली.

मूलभूत हक्कांची चर्चा : अमेरिकी संविधानाचा ठसा ज्या चर्चांवर स्पष्ट दिसतो, त्यांपैकी एक डिसेंबर १९४८ मध्ये झाली आणि तिच्यात मध्य प्रांत व वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमुख भाग घेतला. लोकांचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्ती यांपासून संरक्षण असावे, अशी अमेरिकी संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीवर बेतलेली उपसूचना त्यांनी मांडली. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत असल्याचे सांगून मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर यांनी ती संविधानात घालण्यासही अनुकूलता दर्शविली होती. परंतु अखेरीस सभेने ती फेटाळली. व्यक्तीचे जीवित व स्वातंत्र्य ‘कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार’ हिरावून घेता येईल, या मसुद्यातील शब्दांऐवजी अमेरिकेतील ‘कायद्याची यथोचित प्रक्रिया’ हे तत्त्व स्वीकारावे, असेही करीमुद्दीन यांनी सुचविले. विधिमंडळाने केलेला कायदा न्याय्य आहे की नाही, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना असावा, हा त्यांच्या सूचनेचा गाभा होता. बेनेगल राव यांनी १९४७ च्या अखेरीस अमेरिकेस भेट देऊन न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी विचारविनिमय केला होता व त्यानंतर ही शब्दयोजना मसुद्यातून वगळली गेली होती. डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके सभेपुढे मांडून निर्णय तिच्यावर सोपविला. सभेने मसुद्यातील शब्द कायम ठेवले व ते अनुच्छेद २१ मध्ये आले. अटक व स्थानबद्धता यांसंबंधीच्या तरतुदी पुढे अनुच्छेद २२ मध्ये घालण्यात आल्या.

या दोन्ही सूचना सभागृहात पराभूत झाल्या, तरी त्यांमागील विचार संपला नाही. मनेका गांधी खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ खालील कार्यपद्धती न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे, असा निर्णय दिला. झडतीविरुद्धच्या संरक्षणाचा असा हक्क संविधानात नाही, या आधारावर १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात खाजगीपणाचा हक्क अमान्य झाला होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते मत रद्द ठरवून खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले.

याच प्रांताच्या अन्य सभासदांनीही चर्चेत स्वतंत्र भूमिका घेतल्या. ह. वि. कामत यांनी आणीबाणीच्या तरतुदींना कडवा विरोध करून जर्मनीच्या वायमार संविधानातील तशाच अधिकारांचा दाखला दिला. ईश्वराच्या नावाने उद्देशिकेचा आरंभ व्हावा ही त्यांची उपसूचना १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ४१ विरुद्ध ६८ मतांनी नामंजूर झाली. पंजाबराव देशमुखांनी शेतकरी व मागासलेल्या वर्गांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न लावून धरला. नागरिकत्वाच्या तरतुदी फार सैल आहेत, असे म्हणून त्यांनी ऑगस्ट १९४९ मध्ये त्या कडक करण्याची, मात्र अन्य देशाचे नागरिक नसलेल्या सर्व हिंदू व शीख व्यक्तींना भारताचे नागरिकत्व देण्याची उपसूचना मांडली. धर्माच्या आधारावर नागरिकत्व ठरविण्यास सभा तयार नव्हती. तिने ती अमान्य केली. जन्म, अधिवास व स्थलांतर या निकषांवर आधारलेल्या अनुच्छेद ५ ते ११ या तरतुदी कायम झाल्या. ज्या वऱ्हाडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या कायद्याने एकाचे प्रजाजन व व्यवहारात दुसऱ्याचे रयत होते, त्यांना या तरतुदींनी प्रथमच संदिग्धतेविना नागरिक केले.

अधिसत्तेचा लोप व वऱ्हाड : संविधान सभेचे काम चालू असतानाच वऱ्हाडचा जुना प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता व संस्थानिकांशी झालेले करार १५ ऑगस्ट १९४७ पासून संपुष्टात आले. काटेकोर कायद्याने पाहता १९०२ व १९३६ चे करार संपले म्हणजे वऱ्हाड निजामाकडे परत जावयास हवे होते आणि निजाम सरकारची मागणीही तशीच होती. निजामाने तर जून १९४७ मध्येच आपण सार्वभौम राहणार असल्याचे जाहीर केले होते. परंतु वऱ्हाडचा कारभार नागपूरहून पूर्ववत चालू राहिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. रझाकारांचे अत्याचार वाढल्याने संस्थानातून वऱ्हाडात निर्वासित येऊ लागले आणि सरहद्दीवर हैदराबाद मुक्तिलढ्याची शिबिरे उभी राहिली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली पोलीस कारवाई पाच दिवसांत संपली व वऱ्हाडवरील निजामाच्या दाव्यातील राजकीय बळ नाहीसे झाले.

कायदेशीर शेवट त्यानंतर चौदा महिन्यांनी झाला. भारताच्या संविधान सभेने तयार केलेले संविधान हैदराबादला लागू राहील, असे फर्मान निजामाने २३ नोव्हेंबर १९४९ रोजी काढले. तीन दिवसांनी, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, सभेने संविधान अंगीकृत केले. वऱ्हाडचा नाममात्र सार्वभौम राजा व वऱ्हाडचे निर्वाचित प्रतिनिधी यांनी एकाच आठवड्यात एकच दस्तऐवज मान्य केला. मात्र राजाने तो दुसऱ्यांनी केलेला म्हणून स्वीकारला आणि प्रतिनिधींनी तो आपण केलेला म्हणून. २ वर्षे ११ महिने १७ दिवस चाललेल्या या कामात सभेची ११ अधिवेशने झाली व ३९५ अनुच्छेद आणि ८ अनुसूची असलेले संविधान सिद्ध झाले.

२६ जानेवारी १९५० रोजी ते पूर्णपणे अमलात आले. त्याच्या पहिल्या अनुसूचीत मध्य प्रदेश या राज्यात वऱ्हाडचा अंतर्भाव झाला. अनुच्छेद ३९५ ने भारतीय स्वातंत्र्य कायदा व १९३५ चा भारत सरकार कायदा हे दोन्ही रद्द केले. ब्रिटिश संसदेच्या कायद्यांशी असलेला दुवा तोडण्याचा हा हेतुपुरस्सर निर्णय होता. त्या रद्द झालेल्या कायद्यात निजामाचे वऱ्हाडवरील सार्वभौमत्व नमूद करणारे ४७ वे कलमही होते. अनुच्छेद ३६३ ने संस्थानिकांशी पूर्वी झालेल्या करारांतून उद्‌भवणारे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. १८५३ पासून चालत आलेल्या वादास अशा रीतीने कोणताही नवा तह न करता पूर्णविराम मिळाला.

राज्य व संघ : वऱ्हाड कोणाचे, हा प्रश्न सुटला, वऱ्हाड कोणत्या राज्यात असावे, हा मात्र उरला. मराठी भाषिकांचा एक प्रांत व्हावा या मागणीत वऱ्हाडचे स्थान काय असावे, यासंबंधी ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोला येथे पश्चिम महाराष्ट्र व विदर्भ यांतील नेत्यांचा करार झाला. शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख इत्यादींनी मान्य केलेल्या या करारात संयुक्त महाराष्ट्रात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत आणि ते न साधल्यास महाविदर्भाचा स्वतंत्र प्रांत व्हावा, अशी योजना होती. संविधान सभेच्या अध्यक्षांनी जून १९४८ मध्ये नेमलेल्या दार आयोगाने भाषावार प्रांतरचना तत्काळ करण्याविरुद्ध मत दिले. सभेने हा निर्णय पुढच्या काळावर सोपविला, पण त्यासाठी मार्ग आखून दिला. अनुच्छेद ३ नुसार राज्यांची निर्मिती, सीमा व नावे बदलण्याचा अधिकार संसदेस असून संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागविणे पुरेसे असते.

अमेरिकेत याउलट स्थिती आहे. तेथे राज्ये आधी होती व त्यांनी संघ निर्माण केला. त्यामुळे राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून त्याचा प्रदेश तोडता येत नाही. भारतीय संघ हा घटकराज्यांमधील कराराचे फलित नाही आणि म्हणून कोणत्याही राज्यास त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, हे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात स्पष्ट केले होते. वऱ्हाडच्या बाबतीत या तरतुदीचा प्रत्यय लवकरच आला. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये विदर्भ व मराठवाडा यांसाठी विकास मंडळांची तरतूद झाली. ती मंडळे प्रत्यक्षात १९९४ मध्ये स्थापन झाली. अकोला करारामागील प्रादेशिक समतोलाची चिंता संविधानात पोहोचली, परंतु तिच्या अंमलबजावणीस जवळजवळ चार दशके लागली. स्वतंत्र विदर्भाच्या मागणीचा वाद तेव्हापासून याच सांविधानिक चौकटीत होत आला आहे.

समालोचन : नांदुऱ्यासारख्या गावाच्या दृष्टीने १८०३ ते १९०३ या शतकात राजवट अनेकदा बदलली आणि प्रत्येक बदल रणांगणावर, दिवाणखान्यात किंवा कर्जाच्या हिशेबात ठरला. १९५० नंतरही त्या गावाचे राज्य दोन वेळा बदलले. मात्र हे बदल संसदेच्या कायद्याने, जाहीर चर्चेनंतर व त्या गावातील मतदारांना विरोध नोंदविण्याचा हक्क असताना झाले. त्यांपैकी सर्वच निर्णय सर्वांना मान्य झाले, असे नाही. संविधान तयार करणाऱ्यांनी वऱ्हाडचा प्रत्येक प्रश्न सोडविला नाही आणि सभेतील वऱ्हाडच्या प्रतिनिधींच्या अनेक सूचना फेटाळल्या गेल्या. तथापि मुलूख ही गहाण ठेवण्याची किंवा खंडाने देण्याची वस्तू असते, ही कल्पना त्यांनी कायद्यातून काढून टाकली. फिलाडेल्फिया येथे तेरा सार्वभौम राज्यांना एका राष्ट्रात बांधण्याचे काम झाले; दिल्लीत प्रांत, संस्थाने व वऱ्हाडसारखे दोहोंच्या मधले प्रदेश यांतील रयतेला नागरिक करण्याचे काम झाले. या दुसऱ्या कामाचे मोल वऱ्हाडच्या शंभर वर्षांच्या अनुभवावरून अधिक स्पष्टपणे लक्षात येते.